उजाड पाड्याची पिवळी शेतं

"तुम्ही नकाशे काढता म्हणजे नक्की करता काय?" हा प्रश्न मला लग्नाच्या बोलण्यांपासून निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत विचारला गेला. माझ्या सासूबाईंनी तर शेजारणींना सांगून ठेवलं होतं की सून इंजिनीअर आहे. मी इंजिनीअर नव्हते. मी ट्रेसर होते. जुन्या नकाशावर अर्धपारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खाली दिसणारी प्रत्येक रेघ वर काळ्या शाईनं गिरवायची, हे माझं काम. शाई पसरू नये म्हणून आधी कापडाला पावडर चोळायची. माझ्या चेहऱ्यापेक्षा त्या कापडांनाच जन्मभर जास्त पावडर लागली. रेघ चुकली तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची, आणि कापडाला भोक पडलं तर मुकाट्यानं नवं कापड घ्यायचं. हे सगळं पुढे कॉम्प्युटरनं गिळलं. मी सांगतेय ती गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे.

आमचं ऑफिस घाटकोपरला, एका लाकडाच्या वखारीच्या माथ्यावर होतं. ऑफिस कसलं, दोन खोल्या, चार टेबलं आणि अमोनियाचा वास. त्या वासावर छापलेल्या प्रती निघायच्या आणि नवीन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून पाणी निघायचं. मालक दातारसाहेब. ते स्वतः तरुणपणी सर्व्हेअर होते, डोंगरदऱ्या पायाखाली घालून आलेले. त्यांच्याकडे ब्रिटिशांच्या वेळचे, एका इंचात एक मैल दाखवणारे नकाशे पत्र्याच्या पेटीत होते, आणि त्या पेटीची किल्ली जानव्याला असायची. नियम एकच: "सावंत, खाली आहे तेवढंच वर काढायचं. खाली नाही ते नाही. आपण गिरवणारे आहोत, देव नाही."

वखारीतला आरा सुरू झाला की वर शाईची बाटली थरथरायची. डोंगराच्या चढउताराच्या बारीक रेघा अशात काढल्या तर सगळे डोंगर हिवताप झाल्यासारखे दिसत. म्हणून आमची पद्धत अशी, की दुपारी आरा बंद झाला की आम्ही पेनं उचलायचो, आणि वखारीची माणसं जेवून कामाला लागली की आमचे डबे उघडायचे. मुलुंडचे सगळे डोंगर मी उपाशीपोटी काढलेत.

वखारीचे मालक वेलजीभाई हे आमचे पहिले आणि सगळ्यांत चिकट गिऱ्हाईक. त्यांच्या आजोबांनी मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी लाकडाचा धंदा सुरू केला. सागाची लाकडं डोंगरातून बैलगाडीनं यायची, ती वाट वेलजीभाईंना नकाशावर हवी होती. कशाला, तर फ्रेम करून गादीच्या मागे लावायला.

"सावंतबेन, दादाजीचा रस्ता काढून द्या ना. एकदम झकास पाहिजे. लोकांना कळू दे, आपण कालचे नाय."

मी ती वाट शोधली. जुना नकाशा माणसासारखा असतो, विचारलं तेवढंच सांगतो. पण नीट बघितलं तर कळतं, की रानात एकच गाडीवाट जाड काढलेली असेल, तर तिच्यावरून जड माल जात होता. पायवाट तुटक असते. हिरवा रंग म्हणजे झाडी, पिवळा म्हणजे कसलेली जमीन, निळा वर्तुळाचा ठिपका म्हणजे विहीर. भरीव चौकोन म्हणजे राहतं घर. नुसत्या तुटक रेघांची पोकळ चौकट असेल, तर वस्ती उजाड. रानात चारसहा दिवसांसाठी उभारलेल्या खोपींची खूण वेगळी, छोट्या टोपीसारखी. वेलजीभाईंची वाट डोंगरात जिथं संपत होती तिथं, अगदी झाडीच्या पोटात, अशा बऱ्याच टोप्या होत्या. मी त्या गिरवल्या आणि विसरून गेले. वेलजीभाईंनी फ्रेम लावली आणि तिला रोज उदबत्ती ओवाळायला लागले.

बाकी गिऱ्हाइकं काय विचारू नका. भांडुपच्या एका सोसायटीचे चेअरमन तावातावानं आले. तळमजल्यावर दर पावसात पाणी शिरतं, बिल्डरवर खटला घालायचाय, पुरावा द्या. मी नकाशा उघडला, तर त्यांची इमारत बरोबर पिवळ्या पट्ट्यात, दोन बांधांच्या मधोमध. म्हटलं, "काका, तुमचा हॉल भाताच्या खाचरात आहे. पाणी शिरत नाही, पाणी घरी येतंय." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू बांध मीच घातला. नंतर मात्र त्यांनी खटला सोडून बांधाच्या जागी गटार काढलं आणि गणपतीला आम्हाला मोदक पाठवले.

आता रमीबाई.

रमीबाई वखारीत काम करायची. आऱ्याखालचा भुसा गोळा करायचा, ढलप्या वेगळ्या करायच्या, संध्याकाळी एक भारा घरी न्यायचा. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याला तिचा पाडा होता. उंच, काळी, पन्नाशीच्या पुढची, आणि बोलणं आऱ्यासारखं, मध्ये अडलं की जास्तच आवाज करणारं. एका दुपारी ती वेलजीभाईंच्या मागोमाग जिना चढून आली आणि दारातच उभी राहिली.

"साहेब," वेलजीभाई म्हणाले, "रमीबाईंच्या पाड्याची वाट लागते आहे. एक काम करा ना, जरा जुना नकाशा बघा."

झालं होतं असं. पाड्याला लागून मोठी वसाहत बांधायला घेतली होती, आणि तिच्या कुंपणाची भिंत पाड्याच्या विहिरीला आत घेऊन जाणार होती. पाड्याला पाणी त्या एकाच विहिरीचं. बांधकामवाल्यांचं म्हणणं, हा पाडा हल्लीच येऊन बसलेला, विहीर जमिनीसोबत आमची. कचेरीत सुनावणी लागली होती. पाडा जुना आहे असं दाखवता आलं तर विहीर राहणार, नाहीतर रमीबाईनं आणि तिच्या सुनांनी हंडे घेऊन हमरस्ता ओलांडून नळावर रांग लावायची.

"आमी आजची नाय, साहेब," रमीबाई म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या बापानं खनली ती हीर. कागूद नाय आमच्याजवल. हीर हाय."

दातारसाहेबांनी किल्ली काढली. नकाशा टेबलावर पसरला आणि आम्ही चौघं त्याच्यावर वाकलो. मला आधी निळा ठिपका दिसला आणि मी ओरडलेच, "आहे! विहीर आहे!" वेलजीभाईंनी टाळी वाजवली. रमीबाई काही न कळता हसली.

मग साहेबांनी भिंग सरकवलं. विहिरीच्या शेजारी पाड्याचं नाव होतं, बारीक अक्षरात. नावाखाली घरांचे चौकोन. सगळे पोकळ, तुटक रेघांचे.

"उजाड," साहेब म्हणाले.

"म्हंजी?" रमीबाईनं विचारलं.

मी सांगितलं की नकाशा काढला तेव्हा, म्हणजे साठेक वर्षांपूर्वी, पाड्यात कुणी राहत नव्हतं असं इथं लिहिलंय.

"कोन नव्हता? माजी सासू तवा न्हाती झालेली! ती काय झाडावर राहात होती?" रमीबाई चवताळली. "कोन मुडद्यानं काडला ह्यो नकाशा?"

हे साहेबांच्या वर्मी लागलं. सर्व्हेअर माणसाला शिवी दिलेली चालते, पण त्याच्या नकाशाला नाही. ते ताठ झाले आणि म्हणाले, "बाई, नकाशा खोटं बोलत नाही. माणूस तिथं गेला, त्यानं पाहिलं, त्यानं काढलं."

"मंग त्यानं डोले मिटून पायलं," असं म्हणून रमीबाई जिना उतरली. वेलजीभाई तिच्या मागं गेले. आम्ही मदत करायला पेटी उघडली आणि बांधकामवाल्यांच्या हातात कोलीत दिलं, असंच वाटत होतं. खरं तर ते हा नकाशा कुठूनही मिळवणारच होते.

माझ्या डोक्यातून ते पोकळ चौकोन जाईनात. त्याला कारण होतं. आमचं घर कोकणात. वडील गिरणीत लागले तेव्हापासून ते घर वर्षभर कुलपात आणि गणपतीला उघडं. अंगणात गवत माजतं, ओटीवर कुत्री झोपतात. पण म्हणून ते उजाड? कुणी तसं म्हणालं असतं तर माझ्या आईनं त्याला झाडू घेऊन वाडीबाहेर घालवला असता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोच भाग मला गिरवायला दिला. सुनावणीत द्यायची प्रत. आपल्या गिऱ्हाइकाच्या विरुद्ध जात असलं तरी जसंच्या तसं द्यायचं, हा त्यांचा धर्म. खाली आरा थांबला. मी पेन उचललं. आणि गिरवता गिरवता माझा हात थांबला, कारण पाड्याच्या तिन्ही बाजूंनी नकाशा पिवळा होता. नुसता पिवळा नाही, त्यात बांधांच्या बारीक रेघाही होत्या. पायवाटा चारी दिशांनी येऊन त्या उजाड घरांपाशी मिळत होत्या.

"साहेब," मी म्हटलं, "उजाड गावाला शेत कोण लावतं?"

साहेब उठून आले. भिंग लावलं, काढलं, धोतरानं पुसलं, परत लावलं. मग मी जिना उतरून खाली गेले. रमीबाई भुशाच्या ढिगावर बसून भाकरी खात होती. माझ्याकडं तिनं पाठच केली.

"रमीबाई, रागावू नकोस. एक सांग. तुझ्या सासूच्या वेळी वर्षभर सगळे पाड्यातच असायचे का गं?"

"वरीसभर कसं ऱ्हातील? खातील काय?" ती पाठमोरीच म्हणाली. "भात कापला, झोडला, दिवाली झाली का आख्खा पाडा कूपावर. लाकडं तोडायला."

कूप म्हणजे त्या साली तोडायला दिलेला जंगलाचा तुकडा. तिथंच खोपी घालून राहायचं.

"सगळे?"

"कोंबड्यासुदीक! म्हातारी मान्सं पाटीत घालून न्यायची. दाराला कारवीचा कूड लावायचा, काटं लावायची, का निंगाले. होली कूपावरच. मंग यायचं राब भाजायला. भाताची रोपं करायची तर आदी जमीन भाजाया नको? ते काय तुजा साहेब करनार?"

वेलजीभाई पान लावता लावता ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "अरे, बरोबर! दादाजी बोलायचे ना, दिवाळी झाली का रानात कुऱ्हाड बोलते. आमचा माल तेव्हाच येणार. चोमासामध्ये कोण तोडते?"

मी मागे वळून बघितलं, तर जिन्यावर दातारसाहेब उभे. ते खाली वखारीत सहसा उतरत नसत, भुशानं शिंका यायच्या.

"आम्हीही," ते सावकाश म्हणाले, "दिवाळीनंतरच निघायचो. पावसाळ्यात सर्व्हे होत नाही. ओढे भरलेले, मोजणीचं टेबल उभं राहत नाही, कागद भिजतो. दिवाळीचा फराळ बरोबर घेऊन आमचे तंबू निघायचे आणि पाऊस लागायच्या आत परत. पावसाचे महिने आत बसून नकाशांना शाई करायची." मग त्यांना सणसणीत शिंक आली. "म्हणजे तो पाडा जसा घराबाहेर पडायचा, तसा आमचा माणूस त्याच्या दारात पोचायचा."

"मंग कवा बगनार आमाला?" रमीबाई म्हणाली. आता ती आमच्याकडं वळून बसली होती.

आणि मला टोप्या आठवल्या. मी वेलजीभाईंच्या गादीकडं गेले. उदबत्तीच्या धुरानं पिवळी पडलेली फ्रेम. दादाजीच्या वाटेच्या टोकाला, झाडीच्या पोटात, माझ्याच हातानं गिरवलेल्या खोपी. पाड्यापासून एक तुटक पायवाट निघून थेट तिथं जात होती. "रमीबाई, ही बघ तुझी सासू," मी म्हटलं. तिनं बोटाचा भुसा लुगड्याला पुसला आणि काचेवर अलगद हात ठेवला.

दातारसाहेब मात्र दातारसाहेबच. "हे ऐकीव झालं. मी पाहिल्याशिवाय लिहून देणार नाही." आणि त्यांनी ठरवलं, आपण जाऊन बघायचं. दिवस श्रावणातले. आयुष्यभर डोंगर तुडवलेला हा माणूस पावसात कधी फील्डवर गेला नव्हता! छत्री, गमबूट, नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत. मी मागून साडी खोचून. मुलुंडला रमीबाई न्यायला आली होती. तिनं साहेबांच्या गमबुटांकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

पहिल्याच बांधावरून साहेब खाचरात बसले. पडले असं मी म्हणणार नाही, ते आवडलं नसतं त्यांना. कमरेपर्यंत चिखल, एका हातात छत्री तशीच उभी, दुसरा हात छातीवरच्या नकाशावर. आसपासची बायामाणसं तण काढायची बेणणी सोडून धावली. एक गमबूट चिखलात राहिला तो राहिलाच. "नकाशा कोरडा आहे," साहेबांनी जाहीर केलं.

पण मग ते बघायला लागले, आणि त्या माणसाला बघताना बघणं हीच मजा होती. एका पायात बूट, दुसरा अनवाणी, असे ते घरोघर फिरले. कुडाची घरं नवी होती, दर काही वर्षांनी नवी करावीच लागतात. पण खालची दगडी जोती जुनी, मातीत निम्मी बुडालेली. विहिरीच्या काठाचे दगड दोरानं घासून त्यांना खोल खाचा पडलेल्या. साहेबांनी एका खाचेत बोट घातलं, ते पार आत गेलं. समोर सगळं हिरवंगार, घराघरातून धूर, पोरांचा कालवा. ते नकाशाकडं बघत आणि समोर बघत.

"सावंत," ते म्हणाले, "मी असे किती पाडे उजाड काढले असतील गं?"

एरवी ते मला अहोजाहो करत. रमीबाईच म्हणाली, "जाऊ द्या, साहेब. च्या घ्या."

सुनावणीला आम्ही सगळे गेलो, वेलजीभाई फ्रेमसकट. बांधकामवाल्यांच्या माणसानं अपेक्षेप्रमाणं तोच नकाशा पुढे केला आणि त्या पोकळ चौकोनांभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. मग दातारसाहेब उठले.

"साहेब, हा नकाशा खरा आहे. काढणारा मी नव्हतो, पण मी असतो तर मीही हेच काढलं असतं. तो गेला तेव्हा घरं बंदच होती. पण हा नकाशा हिवाळ्याचा आहे. आमचे सगळेच नकाशे हिवाळ्याचे आहेत. आम्ही या लोकांना त्यांच्या घरात कधी पाहिलंच नाही. त्याच माणसानं हे शेत पिवळं केलंय, आणि त्याच दिवसांत या खोपी काढल्यात." त्यांनी फ्रेम पुढे सरकवली. उदबत्तीची राख टेबलावर सांडली.

अधिकारी बराच वेळ वाकून बघत होते. मग त्यांनी बांधकामवाल्यांच्या माणसाला विचारलं, "गावात कुणी नव्हतं, तर हे भात कुणी लावलं?" तो फाइल चाळायला लागला. फाइलीत भात नव्हतं.

नंतर अधिकारी स्वतः येऊन पाडा बघून गेले, आणि त्यांच्या पायातले बूट दोन्ही परत गेले, हे रमीबाई सगळ्यांना सांगायची. निकाल पाड्याच्या बाजूनं लागला. भिंत विहिरीला वळसा घालून गेली. अजून तिथं ती वाकडी आहे. वसाहतीतल्या लोकांना वाटतं गवंडी प्यायलेला होता. पिवळी शेतं मात्र राहिली नाहीत. ती वाचवायला आमच्याकडे कुठलाच नकाशा नव्हता, आणि ते मला अजून लागतं. आता तिथं उंच इमारती आहेत आणि तळमजल्यांवर पाणी घरी येतं.

निकालानंतर रमीबाई पदरात कंटोळी घेऊन वर आली. माझ्या टेबलावर तीच सुनावणीची प्रत होती, पेटीत ठेवायची.

"बाय, माजं घर दाव."

मी दाखवलं. विहिरीपासून दुसरा चौकोन. तुटक, पोकळ.

तिनं बराच वेळ बघितलं. "ह्ये रिकामंच हाय अजून."

"हो गं."

"भर ना मंग. आमी हाव की आता."

मी दातारसाहेबांकडं बघितलं. ते पाठ करून पेटीत काहीतरी लावत होते. खाली आहे तेवढंच वर काढायचं, खाली नाही ते नाही. जुन्या नकाशाच्या प्रतीत आपल्या मनाचा एक ठिपका टाकणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. इतक्या वर्षांत मी ते केलं नव्हतं. खालचा आरा जोरात चालू होता, बाटली थरथरत होती.

मी पेन बुडवलं आणि रमीबाईचं घर भरलं. मग तिच्या दिराचं. मग एकेक करत सगळा पाडा. आऱ्यामुळं कडा थोड्या हलल्या. रमीबाई प्रत्येक चौकोनाला नाव घेत होती. शेवटचा भरून मी मान वर केली, तर साहेब माझ्या खांद्यामागं उभे. कधी आले कळलंच नाही. माझा हात आपसूक ब्लेडकडं गेला.

त्यांनी ब्लेड उचलून स्वतःच्या खिशात टाकलं.

"शाई ओली आहे," ते म्हणाले. "वाळल्याशिवाय गुंडाळू नका."